आधी धरायचं, मग कापायचं

झाडावर कविता लिहिणं सोपं असतं. मीही लिहिल्या आहेत. पण मोठं झाड उतरवताना जवळ उभं राहायची पाळी आली, तेव्हा आपल्याला झाडातलं काहीच कळत नाही, हे मला कळलं. आज त्या दोन दिवसांविषयी बोलणार आहे.

माझी धाकटी बहीण लातूरच्या जुन्या वस्तीत राहते. मागच्या अंगणात चिंच होती. बुंधा दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा. एका पावसाळ्यात वादळानंतर ती शेजारच्या घराकडे झुकली. बुंध्याशी पोकळी होती, आणि मुळाकडच्या मातीला भेग पडलेली. शेजारचं घर दगड-मातीचं, जाड भिंतींचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर अशा भिंतींविषयी लातूरकरांना काही सांगावं लागत नाही. किल्लारी परिसरात माणसं गाडली गेली ती बहुतेक अशाच भिंतींखाली. त्यामुळे चिंच आडवी पाडणं शक्य नव्हतं. तिच्या नुसत्या हादऱ्यानं भिंत खचली असती. तुकड्यातुकड्यानं, क्रेननं, वरच्या वर उचलूनच ती उतरवायला हवी होती.

महापालिकेची परवानगी मिळाली. मी नांदेडहून एस.टी.नं गेलो. क्रेन ठरवायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथं मी चूक केली. मोठी क्रेन महाग म्हणून घासाघीस करून छोटी हायड्रा ठरवली. तिच्यावर ‘12 टन’ लिहिलेलं होतं. आपली फांदी ती केवढी! मनात म्हटलं, पुष्कळ झालं.

हायड्रा गल्लीत उभी राहिली. झाड भिंतीपलीकडे, दहा-बारा हातांवर. तिला आपला लोखंडी हात पुरता लांबवावा लागला. फांदीला पट्टा बांधला, करवत चालली, फांदी सुटली आणि हायड्राची मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली! चालकानं प्रसंगावधान राखून ओझं खाली सोडलं. फांदी झुलत आली, आमच्याच कुंपणभिंतीवर आदळली. चार विटा पडल्या. क्षणभरापूर्वी तिथं दोर धरून एक पोरगा उभा होता. पाणी प्यायला म्हणून तो बाजूला झाला होता, एवढंच. त्या दिवशी काम थांबवलं. रात्री मला झोप आली नाही. चारदोन हजार वाचवायला मी कुणाचं पोर पणाला लावलं होतं?

दुसऱ्यांदा मोठी क्रेन आणली. तिच्याबरोबर एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी करवतीला हात लावण्याआधी टेप काढला. मला म्हणाले, “सर, फांदी कापायची नसती, उतरवायची असती. आधी धरायचं, मग कापायचं.” मग त्यांनी जे समजावलं ते असं.

पहिली गोष्ट वजनाची. ओलं लाकूड पाण्याच्या आसपास जड असतं. म्हणजे एक घनमीटरला साधारण टनभर. 60 सेंटीमीटर व्यासाचा, 4 मीटर लांबीचा ओंडका घ्या. त्याचं घनफळ 1.13 घनमीटर भरतं. म्हणजे टनाहून जास्त. वर डहाळ्या, पाला आणि पावसाचं पाणी. दीड टन धरूनच चालावं. डोळ्यांनी बघून मी त्याला ‘फांदी’ म्हणत होतो.

दुसरी गोष्ट अंतराची. भरलेली बादली अंगाशी धरली तर उचलते. हात लांब करून धरा, खांदा भरून येतो. क्रेनचंही तसंच. तिच्यावर लिहिलेले 12 टन हे अगदी जवळच्या ओझ्यासाठी असतात. हात पूर्ण लांबवला की तीच क्रेन एक-दोन टनांवर येते. कोणत्या अंतरावर किती उचलायचं याचा तक्ता प्रत्येक क्रेनबरोबर असतो. तो पाहिल्याशिवाय भाडं ठरवू नये.

तिसरी गोष्ट तोलाची. पट्टा फांदीच्या मध्यावर नव्हे, तोलाच्या जागी बांधायचा, कारण बुंध्याकडचं टोक जड असतं. कापण्याआधी पट्टा हलका ताणून घ्यायचा. सैल ठेवला तर सुटलेला तुकडा हातभर जरी खाली आला, तरी त्याचा झटका वजनाच्या कितीतरी पट बसतो. फार ताणला तर फांदी सुटताच वर उसळते. शिवाय तुकडा गरगर फिरू नये म्हणून त्याला वेगळा दोर, आणि तो धरणारा माणूस लांब, कधीही ओझ्याखाली नाही.

चौथी गोष्ट आपल्या मातीची. मराठवाड्याची काळी माती पावसात लोण्यासारखी होते. क्रेनचे पाय तिच्यात रुततात आणि क्रेन कलते. म्हणून मिस्त्रींनी पायांखाली जाड फळ्या घातल्या. विजेची तार आधी बंद करून घेतली. बुंध्यावर हातोडी मारून आवाज ऐकला. पोकळ आवाज येई तिथं पट्ट्याचा भरवसा धरला नाही. छोटे तुकडे पाडले. संध्याकाळपर्यंत चिंच ट्रॉलीत होती आणि शेजारच्या भिंतीचा पोपडाही पडला नव्हता.

बहीण एवढंच म्हणाली, “भाईजान, पहिल्याच दिवशी या मिस्त्रींना का नाही बोलावलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परतीच्या वाटेवर चाकूर, अहमदपूर, लोहा मागे पडत गेलं. या रस्त्याला दुतर्फा जुनी झाडं होती. रुंदीकरणात बरीच गेली. हा रत्नागिरी-नागपूर महामार्गाचाच भाग. याच महामार्गावर सांगली जिल्ह्यात भोसे गावी सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड होता. 2020 साली लोकांनी आवाज उठवला, तेव्हा त्याच्यासाठी रस्त्याचा आराखडा बदलला गेला. म्हणजे क्रेन बोलावण्याआधीचा पहिला प्रश्न वेगळाच आहे: हे झाड काढलंच पाहिजे का? राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. शहरांत पन्नास वर्षांवरचं झाड आता वारसा वृक्ष मानलं जातं. तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावून सात वर्षं जपायची अशी तरतूद आहे.

पण कधी कधी काढावंच लागतं, जसं आमच्या चिंचेचं. तेव्हा तीन गोष्टी विचारा: वजन किती, क्रेनपासून अंतर किती, आणि ओझ्याखाली कोण उभं आहे? तिसऱ्याचं उत्तर ‘कुणी नाही’ असं येईपर्यंत करवत सुरू करू देऊ नका. भाव करायचाच असेल तर भाजीच्या गाड्यावर करावा. झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर करू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)