दहा मिनिटं शांत बसून तर बघा: रोजच्या ताणावर ध्यान कसं काम करतं?

सकाळी डोळा उघडला की हात आधी मोबाईलकडे जातो. बँकेचा हप्ता कापल्याचा मेसेज, शाळेच्या ग्रुपवर फीची आठवण, नातेवाईकांच्या ग्रुपवर रात्रीच्या वादाचे उरलेसुरले तुकडे. चहा पोटात जायच्या आतच खांदे आखडतात, जबडा आवळला जातो. मग दिवसभर लोकलची गर्दी, दुकानातलं मंद गिऱ्हाईक, साहेबाची बोलणी. संध्याकाळी घरी आल्यावर पोराने साधा प्रश्न विचारला तरी आपण त्याच्यावर खेकसतो. पोरगं बिचारं गप्प होऊन कोपऱ्यात बसतं. आपल्या ताणाची किंमत बहुतेक वेळा असं भलतंच माणूस मोजतं, म्हणून या विषयावर लिहावंसं आम्हाला वाटलं.

ताण ही निव्वळ मनाची गोष्ट नाही. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी मांडलं. ॲड्रेनालिन रक्तात उतरतं, नाडी जोरात चालते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठतात, पचन मंदावतं. समोर पिसाळलेला कुत्रा असेल तर ही तयारी जीव वाचवते. पण हप्त्यापासून पळून जाता येत नाही आणि साहेबाशी मारामारी करता येत नाही. तयारी झालेली असते, ती वापरायला जागा नसते. शरीर तसंच ताठलेलं राहतं, रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा. मग झोप उडते, ॲसिडिटी होते, डोकं दुखतं, आणि ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांचा आकडा वर सरकतो.

आता या यंत्रणेतल्या बहुतेक गोष्टी आपल्या हातात नाहीत. हृदयाला ‘हळू चाल’ म्हणून ते ऐकत नाही. पोटालाही हुकूम देता येत नाही. फक्त श्वास असा आहे की तो आपोआपही चालतो आणि आपण ठरवलं तर आपल्या मर्जीनेही चालतो. सगळी मेख इथेच आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना किंचित कमी होते. सोडायला जास्त वेळ घेतला की शरीराला निरोप जातो, धोका टळला, आता सैल हो. हा निरोप नेण्याचं काम मोठ्या प्रमाणात व्हेगस नावाची नस करते. ती मेंदूपासून निघून हृदय आणि पोटापर्यंत जाते.

हार्वर्डमधले हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी ध्यान करणाऱ्या लोकांची तपासणी केली, तेव्हा ध्यानाच्या वेळी त्यांचा श्वास आणि शरीराची ऑक्सिजनची गरज दोन्ही कमी झालेली दिसली. 1975 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि ध्यानाभोवतीचं गूढ काढून टाकून दोनच गोष्टी शिल्लक ठेवल्या. एक, एखादा शब्द, आवाज किंवा प्रार्थना शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणणं. दोन, मध्येच दुसरे विचार आले तर त्यांच्याशी भांडत न बसता परत त्या शब्दाकडे येणं. शब्द कोणता, हे त्यांनी ज्याच्या त्याच्यावर सोडलं. पुढे 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आज ‘माइंडफुलनेस’ नावाने जे सगळीकडे ऐकू येतं, त्याचा बराचसा भाग तिथून आलेला आहे.

प्रत्यक्ष करायचं कसं? खुर्चीवर, चटईवर, पलंगाच्या कडेला, कुठेही बसा. मांडी घालायलाच पाहिजे असं नाही, गुडघे दुखत असतील तर मुळीच घालू नका. पाठ सरळ, पण ताठ नको. डोळे मिटा किंवा नजर जमिनीवर ठेवा. आधी शरीराकडे बघा: कपाळावर आठ्या आहेत का, दात एकमेकांवर दाबलेत का, खांदे कानांकडे चढलेत का. बहुतेकांचे चढलेले असतात. ते खाली सोडा. मग मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. सावकाश मोजलं तर एका श्वासाला साधारण दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस घेतो. गुदमरल्यासारखं वाटलं तर आकडे कमी करा, ओढूनताणून काही करू नका. दोन-तीन मिनिटांनी मोजणं सोडून द्या आणि श्वास जसा चाललाय तसा फक्त जाणवू द्या, नाकपुडीशी लागणारी गार हवा, पोटाची वर-खाली होणारी हालचाल.

आणि मग मन पळेल. पहिल्या अर्ध्या मिनिटात पळेल. गॅस बंद केला का, त्याने फोन का उचलला नाही, उधारीचे पैसे कधी मिळणार. इथेच बहुतेक लोक ‘आपल्याला हे जमत नाही बुवा’ म्हणून उठतात. पण मन पळालंय हे लक्षात येणं आणि त्याला परत आणणं, यालाच ध्यान म्हणतात. दहा मिनिटांत ते पन्नास वेळा पळालं तर पन्नास वेळा परत आणा. स्वतःवर चिडू नका. भटकणं हा मनाचा स्वभावच आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या एका अभ्यासात लोकांना दिवसभरात अचानक विचारलं गेलं की आत्ता तुमचं लक्ष कुठे आहे. जवळजवळ निम्म्या वेळा लक्ष हातातल्या कामावर नव्हतं, आणि अशा वेळी लोक एरवीपेक्षा कमी आनंदी होते.

आपल्याकडे एक शंका हमखास येते. ध्यान म्हणजे दुसऱ्यांची गोष्ट, आपल्यात चालतं का? ज्या पद्धतीत दुसऱ्या धर्माचा मंत्र किंवा पूजा आहे, तिथे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. पण वर सांगितलेल्या श्वासाच्या सरावात कुठलीच उपासना नाही. शिवाय शांत बसून आत पाहणं आपल्या परंपरेला नवीन नाही. मुराकबा, तफक्कुर, जिक्र हे शब्द घराघरात माहीत आहेत. इमाम गजाली यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये मुराकबा आणि मुहासबा यांसाठी एक अख्खा भाग दिलाय, आणि त्याच्या पुढचा भाग तफक्कुरवर आहे.

गजालींची स्वतःची कहाणी तर आजच्या कुठल्याही थकलेल्या माणसाला आपली वाटेल. बगदादच्या निजामिया मदरशात ते सर्वात मोठे उस्ताद, शेकडो विद्यार्थी, दरबारात मान. 1095 साली त्यांची जीभच चालेना. वर्गात उभं राहून एक शब्द बोलता येईना, घास गिळवेना. हकिमांनी सांगितलं की दुखणं दिलाचं आहे, औषधाने जाणार नाही. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. अखेर नोकरी सोडून ते दमास्कसला गेले आणि तिथल्या उमय्या मशिदीच्या मिनारात दिवस दिवस एकांतात बसू लागले. नोकरी सोडून मिनारात जाऊन बसणं आपल्याला शक्य नाही, हे खरं. पण नमाजनंतरची तस्बीह तरी आपण कशी पढतो? बोटं भराभर सरकतात आणि मन दुकानात पोहोचलेलं असतं. तीच सावकाश, एकेका श्वासावर एक अशी पढली तर? 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा अभ्यास छापून आला होता. त्यात 23 निरोगी माणसांनी ख्रिश्चनांची जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हटला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. अर्थात, इबादत ही इबादत आहे. ती रक्तदाबाची गोळी म्हणून करायची नसते. पण ती घाईत उरकू नये, एवढं म्हणायला हरकत नसावी.

ध्यानाने काय होत नाही, हेही सांगायला हवं. 2014 मध्ये संशोधकांनी 47 चाचण्या एकत्र तपासल्या. चिंता, उदासी आणि दुखणं यांवर थोडा ते मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला, पण व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे ज्याला रोज तासभर चालायला आवडतं त्याने चालावं, काही बिघडत नाही. दुसरं असं की, लूमवर बारा तास खडखडाटात उभं राहणाऱ्या कामगाराच्या ताणाचं कारण त्याच्या श्वासात नाही, त्याच्या पगारात आणि कामाच्या तासांत आहे. काही कंपन्या कामाचा बोजा तसाच ठेवून वर्षातून एकदा ध्यानाचं शिबीर घेतात, त्याचं आम्हाला हसू येतं.

काही लोकांना डोळे मिटून बसल्यावर उलट जास्त घाबरल्यासारखं होतं, जुने प्रसंग डोळ्यांसमोर येतात. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, किंवा बसण्याऐवजी सावकाश चालत पावलांकडे लक्ष द्यावं. तरीही त्रास होत असेल तर सोडून द्यावं. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं मन सगळंच गेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तिथे ध्यान पुरे पडत नाही. डॉक्टरांकडे जायला लाजू नका. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416. तिथे मराठीतही बोलता येतं. सुरू असलेली औषधं ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका.

राहता राहिला जागेचा प्रश्न. भिवंडी, मालेगाव, मुंब्र्यातल्या एका खोलीच्या घरात सात माणसं असताना एकांत कुठून आणायचा? फजरनंतर घर निजलेलं असतं, ती दहा मिनिटं सगळ्यात सोयीची. घरातल्या बाईला तेवढीही मिळत नाहीत, कारण तिचा चहा-डबा तेव्हाच सुरू होतो. तिच्यासाठी दुपारी भांडी आवरल्यावरची वेळ बघा आणि तेवढा वेळ मुलांना कुणीतरी बाहेर घेऊन जा. रिक्षावाल्याला स्टँडवर नंबर लागेपर्यंत बसता येतं, लोकलमध्ये उभ्या उभ्याही श्वास मोजता येतो. टीव्ही चालू असेल तर त्याचा आवाज हा एक आवाज म्हणून कानावर पडू द्यायचा. दहा मिनिटं जमली नाहीत तर तीन मिनिटं बसा, पण रोज बसा, आणि मोबाईल तेवढा दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा.