आषाढातला रस्ता: पेण-रोह्याचा एक दिवस

पहाटे ५

थंड मुलखात रस्ता राखणारा माणूस जानेवारीत उठल्याबरोबर तापमापक बघतो. रोह्याचा मुकादम आषाढात उठल्याबरोबर पत्र्यावरचा आवाज ऐकतो आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतो. पावसाचा अंदाज पत्र्यावरून येतो आणि भरतीची वेळ तिथीवरून. तिथीची पाऊणपट केली की वेळ निघते, हे खाडीकाठच्या कुठल्याही घरात सांगतील. आज अमावास्या, म्हणजे पंधरा धरायचे. त्याची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमाराला रेवदंड्याला खाडीच्या तोंडाशी भरती पूर्ण होणार, ती रोह्यापर्यंत चढायला आणखी थोडा वेळ लागणार, आणि तेवढ्या वेळात वरून डोंगराचं पाणी उतरलेलं असलं तर कुंडलिका नदीला जायला वाटच नाही.

इथे बर्फ पडत नाही. हिवाळ्यात तर पेण-रोह्याचे रस्ते सगळ्यात शहाण्यासारखे वागतात. महाराष्ट्रात गोठण्याचं कौतुक महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दिसणाऱ्या हिमकणांपुरतं, आणि तेही वर्तमानपत्रात फोटो यावा इतकं दुर्मिळ. आपला घसरडा ऋतू जून ते सप्टेंबर. तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस चार महिन्यांत अंगावर घेणाऱ्या या दोन तालुक्यांत रस्ता राखणं म्हणजे पाण्याला रस्त्यावर थांबू न देणं, बाकी सगळं त्यानंतर.

सकाळी ६.३०

टेम्पोत सामान चढतं. फावडी, घमेली, कुदळी, दोन पहारी, कोयते, झाड कापायची यांत्रिक करवत, दोर, लाल झेंड्या, चमकत्या पट्ट्यांची जाकिटं, कोल्ड मिक्सच्या, म्हणजे गरम न करता वापरायच्या डांबरी खडीच्या, गोण्या. माणसं मोजून हाताच्या बोटांवर.

पूर्वी असं नव्हतं. बांधकाम खात्यात मैलकुली नावाचा माणूस असायचा. त्याच्याकडे रस्त्याचा ठरावीक तुकडा, आणि त्या तुकड्यातली प्रत्येक मोरी, प्रत्येक झाड, कुठे पाणी साचतं, कुठल्या वळणावर म्हशी बसतात, सगळं त्याला तोंडपाठ. कालेलकर निवाड्याखाली रोजंदारीवरून आस्थापनेवर आलेली ती पिढी निवृत्त होत गेली आणि जागा भरल्या गेल्या नाहीत. आता काम ठेक्यावर. ठेकेदाराचा माणूस खड्डा भरून जातो. पण पाऊस सुरू असताना डोक्यावर इरलं घेऊन मोरीच्या तोंडातला पाला काढणारा माणूस निविदेत बसत नाही. माझ्या मते गेल्या काही दशकांत आपल्या रस्त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान कशाने झालं असेल तर ते यानेच, आणि याचा कधी मोर्चा निघाला नाही.

सकाळी ७

रोहा शहरातलं काम नगरपरिषदेच्या लोकांचं. नदीच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी, आणि दोन्हीकडे फरसबंदी, पायऱ्या, गटारावरची झाकणं. जुलै उजाडेपर्यंत यांच्यावर शेवाळाचा हिरवा थर बसलेला असतो. दूध आणायला निघालेली म्हातारी माणसं इथेच घसरतात. खुब्याचं हाड मोडलं की पुढचं घरातलं सगळं बदलतं.

यावर उपाय साधा आहे. रात्री पाऊस उघडला की ब्लीचिंग पावडर भुरभुरवायची, थोडा वेळ मुरू द्यायची, मग खराट्याने घासून काढायचं. नुसती पावडर टाकून निघून गेलं तर मेलेलं शेवाळ जिवंत शेवाळापेक्षा जास्त गुळगुळीत होतं. खराटा मारण्याचा कंटाळा केलेला फूटपाथ लगेच ओळखू येतो.

युरोप-अमेरिकेत हेच काम मीठ करतं. मिठाचं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणून रस्त्यावर मीठ पसरलं की बर्फाचा थर धरत नाही आणि धरलेला सुटतो. फार कडक थंडीत मात्र मिठाचंही काही चालत नाही. गंमत अशी की पेणच्या खारेपाटात मिठागरांची जुनी परंपरा, पण मीठ रस्त्यावर टाकायची वेळ आपल्यावर कधी आली नाही.

सकाळी ८.३०

हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो. पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं जातं आणि आकडे फोनवर फिरू लागतात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की जोरदार, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार, २०४.४ ओलांडलं की अत्यंत जोरदार. कोकणात पहिल्या आकड्याला कोणी छत्रीसुद्धा उघडत नाही.

मुकादमाला त्याहून जवळचे आकडे नद्यांचे. कुंडलिकेची डोलवहाल बंधाऱ्यापाशी इशारा पातळी २३ मीटर, धोका पातळी २३.९५. अंबा नदीची नागोठण्याला इशारा ८ मीटर, धोका ९. इशारा आणि धोका यांत कुंडलिकेला एक मीटरसुद्धा अंतर नाही, हे एकदा नीट वाचावं. अंबेच्या पुराने १९८९ च्या जुलैत जांभूळपाडा गावाचं काय केलं ते सुधागड-नागोठण्याच्या पन्नाशीतल्या कुठल्याही माणसाला विचारावं.

सकाळी ९.१५

भिसे खिंड. रोह्याहून नागोठण्याकडे जाताना हा रस्ता डोंगर कापून काढलेला. मुकादम गाडी खिंडीच्या अलीकडे थांबवतो आणि चालत निघतो, कारण गाडीत बसून दरड कळत नाही.

चालताना तो वर कमी आणि खाली जास्त बघतो. डोंगराच्या पायथ्याच्या गटारात वाहणारं पाणी स्वच्छ असलं तर ठीक. तेच अचानक गढूळ झालं तर वर कुठेतरी माती सुटायला लागली आहे. एरवी वाहणारा झरा एकाएकी बंद पडला तर त्याहून वाईट: पाणी आतच साठतंय. वाटाण्याएवढे खडे रस्त्यावर ताजे पडलेले, झाड कालच्यापेक्षा जरा कललेलं, संरक्षक भिंतीतली भोकं कोरडी. या भोकांतून पाणी यायलाच हवं. ती मातीने बुजली की भिंतीमागे पाण्याचा दाब चढतो आणि चिरेबंद भिंतसुद्धा पोट काढते. म्हणून टेम्पोतली पहार मुख्यतः दगड फोडायला नसते, ही भोकं मोकळी करायला असते.

“साहेब, पाणी लाल येतंय,” असा फोन मुकादमाने केला की शाखा अभियंत्याला पुढचं विचारावं लागत नाही. एका बाजूची वाहतूक थांबते, दोन्ही टोकांना लाल झेंडी उभी राहते, जेसीबी मागवला जातो. रायगडने जुई-दासगाव २००५ मध्ये पाहिलं, तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला. त्या दरडी वस्त्यांवर कोसळल्या, पण तेव्हापासून डोंगराकडे बघायची इथल्या माणसाची नजर बदलली आहे.

जाता जाता: कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. ती पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग उतरवते, धोक्याच्या कटिंगांवर पहारेकरी ठेवते. प्रवासी उशिराबद्दल कुरकुरतात आणि सुखरूप पोहोचतात. त्याच डोंगरातून जाणाऱ्या रस्त्याला पावसाळी वेगमर्यादा लावायचं मात्र कोणाच्या मनात येत नाही.

सकाळी ११.३०

भरतीची वेळ. आता टेम्पो सखल भागातल्या फरशी पुलावर. हे पूल मुद्दाम बुटके बांधलेले, पूर आला की पाणी वरून जावं आणि ओसरलं की पुन्हा वापरता यावेत. पाणी फरशीला लागलं की बांबू आडवा टाकायचा, हा नियम. बांबूसमोर दुचाकीवाला उभा असतो.

“मुकादम, गुडघ्याएवढंच तर आहे. पलीकडे घर आहे माझं.”

“घर कुठे पळून जातंय, भाऊ? पाणी उतरू दे.”

वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी दुचाकी उचलतं, आणि चिखलाच्या पाण्याखाली फरशीचा तुकडा जाग्यावर आहे की नाही ते पलीकडून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला, तेव्हा अंधारात एसटीच्या दोन गाड्या त्याच्यासोबत गेल्या. त्यांना थांबवायला तिथे कोणी नव्हतं. बांबू धरून भिजत उभा असलेला माणूस हा पूरकाळातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बंदोबस्त आहे. लोक त्याला शिव्या देतात.

दुपारी १.३०

बंद दुकानाच्या पडवीत डबे उघडतात. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. पाऊस थांबत नाही, म्हणून जेवणही लांबत नाही.

दुपारी २.३०

आता पेणकडे. तिथली टोळी वेगळी, काम खड्ड्यांचं. मुंबई-गोवा महामार्ग या टोळीचा नाही. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला, तेव्हापासूनचा त्याचा रखडण्याचा इतिहास वाचकांना पाठ आहे, आणि तो केंद्राच्या खात्यात मोडतो. गावात शिरणारा रस्ता नगरपरिषदेचा, पुढचा बांधकाम खात्याचा, त्याला फुटणारा जिल्हा परिषदेचा. खड्ड्यात पडणाऱ्याला ही वाटणी ठाऊक नसते आणि असण्याचं कारणही नाही.

पेणला आषाढात खड्ड्याची किंमत वेगळी. परदेशी जाणाऱ्या मूर्ती आधीच रवाना झालेल्या असतात, आता मुंबई-पुण्याच्या मंडळांचे आणि दुकानदारांचे टेम्पो लागतात. हमरापूर, जोहे आणि पेण शहरातल्या कारखान्यांतून गणपती पेंढ्यात, प्लास्टिकात गुंडाळून निघतात. एका गचक्यात सोंड गेली की ती मूर्ती विकता येत नाही. त्यामुळे खड्डे भरणाऱ्यांना इथे चहा मिळतो, जो इतरत्र मिळेलच असं नाही.

खड्डा होतो कसा? वरच्या डांबराला केसाएवढी चीर पडते. पाणी आत जातं. वरून चाक गेलं की ते पाणी दाबलं जातं, चाक पुढे सरकलं की चिरेतून उसळून बाहेर येतं आणि येताना खालची बारीक माती घेऊन येतं. दिवसभरात हजारो चाकं. खालून पोकळ झालेला थर एके रात्री बसतो. वर खडीवरून डांबर सुटत असतंच, कारण दगडाला डांबरापेक्षा पाण्याचं आकर्षण जास्त.

भरायचा तर नीट भरावा: आधी पाणी उपसायचं, मग कडा उभ्या आणि चौकोनी कापायच्या, सुटी माती झाडायची, तळाला खडी, वर कोल्ड मिक्स, आणि ठोकून रस्त्याच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवायचं, कारण ते पुढे बसतं. गरम डांबर पावसात चालत नाही. घाईत मात्र पाण्याने भरलेल्या गोल खड्ड्यात मुरमाचं घमेलं ओतलं जातं. दुसऱ्या सरीला मुरूम चिखल होऊन वाहतो आणि आता तिथे खड्डाही असतो आणि घसरणही. पेव्हर ब्लॉक बसवण्याचा प्रकार थोडा बरा, पण ब्लॉक आणि डांबर यांच्या सांध्यावर पुढचा खड्डा हमखास पडतो.

संध्याकाळी ५

भाताच्या आवणीचे दिवस. शेतातून बाहेर पडलेले ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर चिखलणीच्या लोखंडी चाकांनिशी डांबरावरून जातात, रस्ता कुरतडतात आणि वर चिखलाची पट्टी टाकून जातात. वळणावर अशी पट्टी आणि वर रिमझिम असली की दुचाकी बर्फावरून जावी तशी सरकते. टोळी फावड्याने चिखल ओढून काढते. शेतकऱ्याला कोणी बोलत नाही. त्यालाही पाऊस धरून काम उरकायचं असतं.

पण या टोळीचं खरं भांडण शेतकऱ्याशी नाहीच, ते बाजारपेठेत आहे. रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता बांधतात, शंभराला अडीचचा उतार, म्हणजे पडलेला थेंब बाजूच्या गटारात जावा. दुकानासमोर गाडी लावायला सोय म्हणून त्या गटारात भराव टाकला, वर लादी बसवली की थेंब जाणार कुठे? तो रस्त्यावरच थांबतो.

“शेठ, एवढी लादी उचलावी लागेल.”

“अरे, गिऱ्हाईक चिखलातून येणार का?”

पंधरवड्यात त्याच दुकानासमोर खड्डा पडतो आणि शेठ त्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकतात.

संध्याकाळी ७.३०

अंधार पडला की गुरं रस्त्यावर येतात. पावसाळ्यात रान ओलं, डास चावतात, आणि डांबर कोरडं नि उबदार राहतं. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर बसली की समोरच्या गाडीच्या उजेडात ती दिसतच नाही. गुरांच्या गळ्यात चमकती पट्टी बांधणं हा स्वस्तातला उपाय आहे. न भरलेल्या खड्ड्यांत लोक झाडाची फांदी खोवून ठेवतात, तीही चालते, पण टोळी त्या जागी पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचं पिंप ठेवून जाते. आज अमावास्या गटारीची, म्हणून पिंपं जरा जास्त.

रात्री १०.३०

मुकादमाचा फोन उशाशी. आषाढातलं झाड रात्रीच पडतं. त्यातही शिरीष आधी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा रोहा-माणगावचे रस्ते झाडांनीच बंद झाले होते, आणि पहिला कोयता बहुतेक ठिकाणी गावकऱ्यांनीच घातला.

ते तर संकटाच्या दिवशीचं. रोजच्या दिवशी वाचकाने एवढं करावं: आपल्या घरासमोरची, दुकानासमोरची मोरी मेअखेरीला मोकळी करावी आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा तिच्या तोंडातला पाला काढावा. गटारावर लादी घालायचीच असेल तर उचलता येईल अशी घालावी. पुलावर आडवा बांबू दिसला तर परत फिरावं. आणि खिंडीत गटाराचं पाणी लाल येताना दिसलं तर फोटो ग्रुपवर टाकण्याआधी १०७७ वर, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात, फोन करावा.