काळ्या थराखालचे रंग

फळ्यावरील चित्र वहीत हुबेहूब उतरले की मूल चित्रकलेत हुशार, हा समज आपल्याकडे अद्याप घट्ट आहे. तो तपासून पाहण्यास मेणाचे खडू व जाड कागद एवढे साहित्य पुरेसे आहे.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला कागदावर पिवळा, तांबडा, निळा असे रंग दाबून भरू द्यावेत. पांढरी जागा उरू नये. त्यावर काळ्या मेणखडूचा दाट थर द्यावा. काळा जलरंग वापरल्यास त्यात साबणाच्या पाण्याचे थेंब घालावेत, कारण मेणावर नुसते पाणी ठरत नाही. मग बोथट काडीने खरवडताच खालचे रंग रेघारेघांतून उजळतात. येथे गिरवायला नमुना नसतो आणि रेघ पुसायला रबरही चालत नाही. वाकडी गेलेली रेघ सामावून घेऊनच मुलाला पुढे जावे लागते. खरे शिक्षण ते हेच.

बालकांची कला ही प्रौढांच्या कलेची अपुरी नक्कल नव्हे, हा विचार व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांचा वर्ग काढून कृतीत आणला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला व इतर विषय यांतील भिंती अमान्य केल्या. तरीही गणिताचा राहिलेला भाग पुरा करायला चित्रकलेचाच तास प्रथम उचलला जातो.

धोरण बदलले, आता ‘घर काढ, सूर्य काढ’ म्हणत मुलाच्या हातातील काडी घेऊ पाहणारा मोठ्यांचा हात आवरला पाहिजे.