पूर्णेच्या रफाराला अडणारा प्रोग्रॅम

परभणी जिल्ह्यातल्या ९ तालुक्यांची यादी यूटीएफ-८ फाइलमध्ये आहे. पायथन ३ चा प्रोग्रॅम ती लिनक्सवर बिनबोभाट वाचतो. तोच प्रोग्रॅम इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर नेला की ‘युनिकोडडिकोडएरर’ येतो.

दोष पूर्णा तालुक्याचा! एन्कोडिंग सांगितले नसेल, तर अशा विंडोजवर पायथन सहसा ‘सीपी-१२५२’ हा जुना तक्ता धरतो. रफारातल्या हलन्ताच्या तीन बाइटांपैकी शेवटच्या बाइटाला त्या तक्त्यात जागाच नाही. बाकीच्या आठ नावांत जोडाक्षर नाही. फाइलमध्ये फक्त तीच नावे असती, तर चूक न दाखवता कचरा होऊन उमटली असती, आणि ते जास्त वाईट. उपाय एका ओळीचा: फाइल उघडतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहावे.

पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यातून ३ वर येणाऱ्यांचे गणितही बदलते. ७ क्विंटल भागिले २ एकर याचे उत्तर पूर्वी ३ येई, आता ३.५ येते. ‘परभणी’ची लांबी यूटीएफ-८ मध्ये १५ मोजली जाई, ती ५ झाली. डोळ्यांना मात्र चारच अक्षरे दिसतात.

एररचा लांबलचक मजकूर शेवटच्या ओळीपासून वाचावा. एररचे नाव तिथेच असते.