कॉलेजच्या दारात गाडी थांबते तेव्हा

सांगली ते मिरज हे लोहमार्गाने अंतर जेमतेम सात किलोमीटर. एवढ्याशा अंतरात, दोन्ही स्टेशनांच्या मध्ये, आणखी एक छोटे स्टेशन आहे, विश्रामबाग. आजूबाजूला पाहिले तर ते तेथे का आहे हे लगेच समजते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये स्थापन केलेले विलिंग्डन महाविद्यालय याच भागात आहे. १९४७ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजेच आजचे वालचंद कॉलेज, हेही येथेच. किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे या बाजूंनी शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या जवळ उतरवणारे हे स्टेशन आहे.

पण या स्टेशनावरून लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या न थांबता धडधडत निघून जातात. आत बसलेल्या विद्यार्थ्याला खिडकीतून आपले कॉलेज मागे जाताना दिसते! तो म्हणतो, ‘एक मिनिट थांबली असती तर काय बिघडले असते?’

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र केवळ वेळापत्रकात नाही. ते तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात, गतीच्या प्रकरणात आहे. चला, कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब करू या.

एका थांब्याची किंमत

समजा, गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने येत आहे. म्हणजे दर सेकंदाला २० मीटर. इंजिनाने ओढलेली लांब गाडी थांबताना तिचा वेग सरासरीने दर सेकंदाला ०.४ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असे धरू. म्हणजे थांबायला ५० सेकंद लागतील. या काळात सरासरी वेग १० मीटर प्रति सेकंद, म्हणून अंतर ५०० मीटर.

आता सुटतानाचे पाहू. या वेळी त्वरण आणखी कमी असते. ते सरासरी ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर पुन्हा पूर्ण वेग यायला १०० सेकंद लागतील आणि तोवर गाडी १००० मीटर पुढे गेलेली असेल. म्हणजे थांबणे आणि सुटणे मिळून १५० सेकंद व १५०० मीटर. न थांबणाऱ्या गाडीने हेच १५०० मीटर ७५ सेकंदांत कापले असते. म्हणजे ७५ सेकंद वाया गेले. त्यात स्टेशनात उभे राहण्याचा एक मिनिट मिळवा. एकूण तोटा झाला सव्वादोन मिनिटांचा.

येथे एक सोपा नियम हाती लागतो. थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला जो एकूण वेळ लागतो, त्याच्या निम्मा वेळ वाया जातो. असे का, ते तुम्ही स्वतः सिद्ध करून पाहा.

वेळेबरोबर ऊर्जाही जाते. गाडीचे वस्तुमान १००० टन, म्हणजे १० लाख किलोग्रॅम धरा. २० मीटर प्रति सेकंद वेगाला तिची गतिज ऊर्जा २० कोटी ज्यूल होते. विजेच्या भाषेत सुमारे ५५ युनिट. साध्या ब्रेकने गाडी थांबवली की ही सारी ऊर्जा घर्षणामुळे उष्णतेत बदलते. तेवढ्या उष्णतेत ६०० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत तापवता येईल! आणि गाडी सुटली की ही ऊर्जा इंजिनाला पुन्हा नव्याने पुरवावी लागते.

मग मुंबईत हे कसे जमते?

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या लोकल तर दर दोन-तीन मिनिटांनी थांबतात. खरे आहे. मध्य रेल्वेवर कुर्ला आणि घाटकोपर यांच्यामध्ये सुमारे चार किलोमीटर अंतर आहे आणि त्याच्या मध्ये विद्याविहार हे स्टेशन आहे. नावावरूनच ओळखता येईल की हेही विद्यार्थ्यांचे स्टेशन. लगतच सोमय्या विद्याविहारचे विस्तीर्ण आवार आहे. तेथील पहिले महाविद्यालय १९५९ मध्ये सुरू झाले आणि २०१९ पासून तेथे विद्यापीठच आहे. जलद लोकल येथे थांबत नाहीत, पण धिम्या लोकल थांबतात आणि विद्यार्थ्यांचे लोंढे उतरवून लगेच पुढे निघतात.

आपली इंजिनाची गाडी या मार्गावर चालवून पाहा, अर्थात कागदावर. दोन स्टेशनांतले अंतर सरासरी दोन किलोमीटर. त्यातले दीड किलोमीटर वेग घेण्यात आणि थांबण्यात गेले. पूर्ण वेगाने धावायला उरला फक्त अर्धा किलोमीटर!

लोकलचे त्वरण सुमारे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरता येते आणि थांबतानाचे मंदन सुमारे ०.८. आता हिशेब करा. वेग घ्यायला ४० सेकंद व ४०० मीटर. थांबायला २५ सेकंद व २५० मीटर. एकूण ६५ सेकंद. आपल्या नियमाप्रमाणे वाया गेले साडेबत्तीस सेकंद. स्टेशनात अर्धा मिनिट थांबली तरी एकूण तोटा जेमतेम एका मिनिटाचा.

रहस्य चाकांत आहे

लोकलचे इंजिन अधिक ताकदवान असते, असे उत्तर कोणी देईल. पण लोकलला वेगळे इंजिनच नसते! आणि रहस्य नुसत्या ताकदीत नाही, ते घर्षणात आहे.

रुळावरचे चाक गाडीला पुढे नेते ते चाक आणि रूळ यांच्यातील घर्षणाच्या आधाराने. चाकाला त्याहून जास्त जोर दिला तर ते जागच्या जागी गरगर फिरते. पोलादावर पोलाद असल्यामुळे हे घर्षण फारसे नसते. कोरड्या रुळावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.२५ धरता येतो. पावसाने रूळ ओले झाले की तो आणखी उतरतो. म्हणून तर इंजिनात वाळूचे डबे असतात. चाक घसरू लागले की नळीतून चाकापुढे रुळावर वाळू सोडतात.

आता मुख्य मुद्दा. हे घर्षण उपयोगी पडते ते फक्त मोटर जोडलेल्या चाकांखाली. १००० टनांच्या गाडीत इंजिन १२० टनांचे असेल, तर गाडी खेचण्याच्या कामी येणारे वजन फक्त १२ टक्के. म्हणून अधिकांत अधिक त्वरण ०.२५ × १० × ०.१२, म्हणजे ०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. (गुरुत्वत्वरण आपण १० धरले आहे.) प्रत्यक्षात ते याहून कमीच मिळते, कारण वेग वाढत जातो तसा ठरावीक शक्तीच्या इंजिनाचा जोर कमी होत जातो.

लोकलची रचना निराळी आहे. बारा डब्यांच्या लोकलमध्ये साधारण चार डबे मोटरचे असतात, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश वजन मोटरच्या चाकांवर येते. ०.२५ × १० × १/३ करून पाहा. मर्यादा ०.८ च्याही वर जाते. बैलगाडी एकच बैल ओढत आहे की चार, एवढा हा फरक. शिवाय नव्या लोकलमध्ये ब्रेक लावताना मोटरच जनित्रासारखी चालते आणि गतिज ऊर्जेचा बराच भाग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला अशी धावली. जवळजवळ असलेल्या स्टेशनांचे शहर पुढे त्या मार्गांवर वाढत गेले, त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे.

साताऱ्याचे स्टेशन दूर का?

स्टेशन कॉलेजच्या दारात असणे ही प्रत्येक गावाच्या नशिबातली गोष्ट नव्हे. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे, तर स्टेशन शहरापासून काही किलोमीटरवर, माहुलीच्या बाजूला. चढणीचा हिशेब केला की रेल्वे असा मार्ग का निवडते ते लक्षात येते. शंभर मीटर अंतरात एक मीटर चढ, एवढी चढण सायकलस्वाराला जेमतेम जाणवेल. पण १००० टनांच्या गाडीला ती १ लाख न्यूटन जोराने मागे खेचते. आपल्या इंजिनाचा घर्षणाने ठरलेला अधिकांत अधिक जोर ३ लाख न्यूटन. त्यातला तिसरा हिस्सा तेथेच संपला! म्हणून रूळ डोंगराची बाजू सोडून शक्य तितक्या सपाटीने जातात.

सांगलीची गोष्ट वेगळी. सपाट मुलूख, आणि १९०७ पासूनच सांगली-मिरज रुळांनी जोडलेली. पुढे १९७१ च्या सुमारास मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले तेव्हा पुणे-मिरज हा मुख्य मार्गच सांगलीवरून गेला.

थांबावे की न थांबावे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. गाडीत १००० प्रवासी आहेत. सव्वादोन मिनिटांचा थांबा म्हणजे सर्वांची मिळून २२५० मिनिटे गेली. समजा, विश्रामबागेला उतरल्यामुळे एका विद्यार्थ्याची ३० मिनिटे वाचतात, एरवी ती मिरजेहून परत येण्यात गेली असती. तर निदान ७५ विद्यार्थी उतरले पाहिजेत, तेव्हा जमा-खर्चाची तोंडमिळवणी होईल. तीच गाडी लोकलसारखी असेल आणि थांब्याला एकच मिनिट लागत असेल, तर ३४ विद्यार्थी पुरेसे आहेत. म्हणजे कॉलेजच्या दारात गाडी थांबणे किती परवडते, हे मोटर किती चाकांना जोडली आहे यावरही अवलंबून असते!

पुणे-मिरज मार्गावर आता विजेच्या तारा आल्या आहेत. मेमू नावाच्या गाडीत चार डब्यांमागे एक डबा मोटरचा असतो. तिच्या त्वरणाची मर्यादा किती येईल? आणि ती विश्रामबागेला थांबवायला किती विद्यार्थी पुरतील? त्वरण व मंदन तुम्हीच धरा आणि मांडून पाहा.

एक प्रयोगही करा. अर्धा मीटर दोऱ्याला लोखंडी नट बांधा आणि गाडीत बसल्यावर तो सामानाच्या फळीला टांगा. गाडी वेग घेऊ लागली की नट मागे सरकेल. त्वरण ०.२ असेल तर सुमारे १ सेंटिमीटर, ०.५ असेल तर अडीच सेंटिमीटर. नट झुलत राहील, म्हणून झोक्याचा मध्य धरा. मागे पट्टी धरून नोंद करा. ब्रेक लागल्यावर तो कोणत्या बाजूला जातो तेही पाहा. प्रयोग जागेवर बसूनच करायचा. दारात उभे राहून मुळीच नाही.

आपल्या स्टेशनावर थांबा हवा असे निवेदन कधी लिहायची वेळ आली, तर त्यात नुसती विनंती लिहू नका. हा हिशेबही जोडा.