संगणक धावतो, मग रांग का थांबते?

श्रीरामपूरला सातबाऱ्यासाठी आलेला शेतकरी रांगेत उभा राहून कंटाळला की हमखास विचारतो, "अहो, हे यंत्र डोळ्याची पापणी लवायच्या आत लाखो हिशेब करते म्हणता, मग माझा एक उतारा निघायला एवढा वेळ का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेतले तर आपलेच हेलपाटे वाचतील.

आधी यंत्राची वाढ पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली 'टिफ्रॅक' नावाचा संगणक चालू झाला. तो आपल्या देशातच बांधलेला होता. खोलीभर पसरलेल्या त्या यंत्राच्या स्मरणात एका वेळी 2048 आकडे मावत. 1971 मध्ये अमेरिकेतील इंटेल कंपनीने नखाएवढ्या चकतीवर सुमारे 2300 सूक्ष्म कळी बसवल्या. आज चांगल्या मोबाईलमधील चकतीवर अशा एक हजार कोटींहून अधिक कळी असतात.

याच इंटेलच्या संस्थापकांपैकी एक असलेले गॉर्डन मूर यांनी 1975 साली अंदाज बांधला होता, की चकतीवरील कळींची संख्या साधारण दर दोन वर्षांनी दुप्पट होईल. दुपटीचा हिशेब मोठा फसवा असतो. आज घरात एक पोते धान्य आहे आणि ते दर दोन वर्षांनी दुप्पट झाले, तर वीस वर्षांनी 1024 पोती होतील! संगणकाची वाढ झाली ती अशी.

पण वाढीलाही बांध असतो. कळी जितक्या दाट आणि जितक्या वेगाने चालवाव्यात तितकी चकती तापते. 2004-05 च्या सुमारास या उष्णतेपुढे एकेका यंत्राचा वेग पूर्वीसारखा वाढेनासा झाला. मग कारागिरांनी काय केले? आपण ऊसतोडीला करतो तेच! एका कोयत्याचा हात किती चालणार? फड लवकर उरकायचा तर कोयते वाढवायचे. एकाच चकतीवर दोन, चार, आठ गणकयंत्रे बसवून काम वाटून दिले जाऊ लागले.

ही युक्ती आपल्या पुण्यात त्याआधीच साधली होती. परदेशातून महासंगणक मिळेना, तेव्हा 1988 साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे 1991 मध्ये 'परम 8000' तयार झाला. अनेक लहान गणकयंत्रे एकत्र जुंपून तो बनवला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फडात पन्नास कोयते लावले, पण वाहतुकीला ट्रॅक्टर एकच असेल, तर मोळ्या बांधावरच वाळत पडणार. भंडारदरा भरलेले असले तरी तुमच्या शेतात पाणी येते ते चारीच्या मापानेच. संगणकाचेही तसेच आहे. तुमचा उतारा दूरच्या शहरातील मोठ्या संगणकातून येतो. मध्ये वीज आहे, तारा आहेत, मोबाईलचा मनोरा आहे आणि एकाच वेळी त्याच दाराशी आलेले हजारो लोक आहेत. यांत जे सर्वात अरुंद असेल, तोच साऱ्या कामाचा वेग. टेबलावरचे यंत्र नवे घेतले म्हणून चारी रुंद होत नाही.

ही गोष्ट वारणेच्या सभासदांनी अनुभवली आहे. 1998 साली कोल्हापूर-सांगली भागातील सुमारे 70 गावांसाठी संगणकांची योजना सुरू झाली. पुढे दिसले असे, की गावातल्या संगणकाचा उपयोग मुख्यतः उसाच्या वजनाची, तोडीची, खताची माहिती मिळवण्यापुरताच होतो, पण यंत्र सांभाळण्याचा खर्च मात्र जड जातो. मग सात गावांत मोबाईलच्या लहान संदेशांवर तेच काम करून पाहिले आणि ते कमी खर्चात झाले. मोठ्या यंत्रापेक्षा गरजेपुरते यंत्र बरे, हा त्यातला धडा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, 2021 पासून राज्यभर आलेली ई-पीक पाहणीची नोंद किंवा विम्याचा अर्ज शेवटच्या दिवसावर ढकलू नका. त्या दिवशी सारेच त्या दाराशी येतात. दुसरी, नोंद झाली की पोच जपून ठेवा, उसाच्या काट्याची पावती ठेवता तशीच. तिसरी, उतारा हाती आला की क्षेत्र, नाव आणि पीक घरी सर्वांसमोर वाचून पाहा. घरात शिकणारी मुलगी असेल तर तिच्याकडून वाचून घ्या. यंत्र कितीही वेगवान झाले तरी त्यात चुकीचा गट नंबर घातला, तर ते चुकीचाच उतारा वेगाने देईल. ती चूक ओळखणार तुम्हीच, कारण जमीन तुमची आहे.