मागून म्हणणारे

भजनात सगळ्यांचं लक्ष बुवांकडे असतं, आणि ते रास्तच आहे. पेटी त्यांच्यापुढे, गळा त्यांचा, अभंग निवडणार तेच. मी मात्र बरीच वर्षं त्यांच्या मागे, कोरसात बसतो. आमचं मंडळ डोंबिवलीतलं. बहुतेक जण मूळचे सिंधुदुर्गातले. कोणी बँकेतून, कोणी एसटीतून निवृत्त झालेले, शिवाय दोन-तीन कॉलेजातली पोरं. शनिवारी रात्री तालीम. चारचौघांत बसून गाण्यानं काय साधतं हे बघायचं, तर बुवांना सोडा, कोरसाकडे बघा. बुवा एकटेही गातील. आम्हाला एकेकट्याला कोणी गायला बसवणार नाही, आणि बसवूही नये.

कोरसाचं काम वाटतं तेवढं सोपं नसतं. बुवा ओळ घेतात, पुन्हा घेताना तिला वेगळं वळण देतात, मग वर नेऊन सोडतात. ती सुटली की आम्ही उचलायची. आठ मात्रांचा ठेका चालू असतो आणि पखवाजवाला मध्येच लय वाढवतो, तेव्हा कान उघडे नसतील तर फजिती ठरलेली. त्यात कोकणातल्या भजनाची पट्टी उंच. साठीतल्या गळ्याला ती झेपत नाही. मग शेजारचा वर जातो तेव्हा मी दम घेतो, तो थकला की मी ओढतो. असं करायचं म्हणून कधी कोणी ठरवलेलं नाही. एकट्याचा दम संपला की ओळ तुटते, दहा जणांत ती चालूच राहते.

या श्वासाच्या हिशोबावर स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांचं काम 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. एकत्र गाणाऱ्या तरुण मुलामुलींच्या हृदयाचे ठोके त्यांनी मोजले, तर ठोक्यांचा चढउतार एकमेकांशी जुळत गेलेला दिसला. कारण साधं आहे. श्वास घेताना ठोके जरा वाढतात, सोडताना मंदावतात. ओळ लांब असली की श्वास सावकाश सुटतो, आणि ओळ सगळ्यांची एकच, म्हणून आमच्यासारखा मध्येच दम घ्यावा लागला नाही तर सगळ्यांचा एकदमच सुटतो. (म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही. आमच्यातल्या एकानं विचारून झालंय.)

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रौढांच्या नव्या वर्गांचा असाच अभ्यास मांडला. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांत सारखीच जवळीक झाली होती, पण गाणाऱ्यांची गट्टी आधी जमली. मला यात नवल वाटलं नाही. गाताना ओळख वाढवायला बोलावं लागत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरचे एक काका पत्नी गेल्यावर कोणाशी बोलेनासे झाले होते. सांत्वनाला येणाऱ्यांचा त्यांना वीट आला होता. त्यांना तालमीला आणलं आणि हातात झांज दिली. ती ते इतकी जोरात मारायचे की बुवांची तान ऐकू येईना. ‘काका, झांज वायच हळू,’ एवढंच बुवा म्हणाले. तब्येत कशी आहे, घरी कोण असतं, कोणी काही विचारलं नाही. आता पखवाजाची कणीक काकांकडे असते. घरून मळून आणायची, डाव्या तोंडावर थापायची. पखवाजवाला थाप मारून बघतो, ‘थोडी काढा’ म्हणतो. काका कडेची चिमूटभर उचलतात. पुन्हा थाप. हवा तसा खर्ज लागेपर्यंत दोघांचं हे चालतं, आणि तोवर बुवांनाही थांबावं लागतं.

अशा माणसाला जागा असावी, ही सोय भजनात मुळातच आहे. वारीच्या दिंडीत वीणेकरी एक, मृदंग वाजवणारे मोजके, पण टाळकरी कितीही. अभंगाचं ध्रुपद फिरून फिरून येतं, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही ते तोंडी बसतं. गाता न येणाऱ्यांना धरूनच हे गाणं चालत आलं आहे.

डबलबारीचं जरा निराळं. दोन बुवा समोरासमोर, एकमेकांना चिमटे, मैदान भरून माणसं. ऐकायला मजा येते, मीही रात्र जागवतो. पण तिथे कोरस नावापुरता उरतो आणि बाकीचे सगळे प्रेक्षक होतात. मंडळात भांडणंही होतात. गौळण कोणी म्हणायची यावरून आमच्याकडे अबोले धरले गेलेत. तरी शनिवारी अबोल्यातले दोघंही हजर, आणि ध्रुपद एकत्रच म्हणतात.

चतुर्थीला निम्मं मंडळ कोकणात जातं. इथल्या घरगुती गणपतींची भजनं मागे राहिलेल्यांवर पडतात आणि कोरसाला चारच गळे उरतात. मग ज्यांच्याकडे भजन, त्यांनाच आम्ही मागे बसवतो. यजमान, त्यांची मेव्हणी, शेजारचा गुजराती पोरगा, सगळे. ध्रुपद दोनदा ऐकायचं, तिसऱ्यांदा म्हणायचं. उसळ-पाव त्यानंतर.